वीजबिलाची धास्ती, आजोबांना हुडहुडी

अमेरिकेच्या आग्नेय भागात, नॉर्थ कॅरोलिना-व्हर्जिनियात, घर उबदार ठेवायला हीट पंप सर्रास वापरतात. तिथे स्थायिक झालेल्या मराठी मुलांकडे आई-वडील हिवाळ्यात राहायला जातात. भिंतीवरच्या थर्मोस्टॅटवर ‘ऑक्स हीट’ ही अक्षरे दिसली की घरात बिलाची चर्चा सुरू होते. कुणी तापमान खाली आणतो, कुणी ती सोयच बंद करतो. ही काटकसर वृद्धांना महागात पडू शकते.

हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून तो घरात आणतो, म्हणून एक युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता मिळते. पारा फार उतरला की ती पुरत नाही. मग जोडीला विजेची कॉइल तापते. तिचा हिशेब गिझरसारखा, एका युनिटला एकच युनिट. बाहेरच्या यंत्रावरचा बर्फ वितळवतानाही ती काही मिनिटे चालते. हा बिघाड नव्हे.

थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. उतारवयात थंडीची जाणीवही बोथट होते. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, झोपेच्या गोळ्या यांनी धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंडीच्या दिवसांत घरात किमान १८ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ६४ अंश फॅरनहाइट, तापमान राखावे असे सुचवले. वृद्ध, लहान मुले आणि आजारी माणसांना त्याहून जास्त ऊब लागू शकते.

मग बिलाचे काय? रात्री तापमान बरेच उतरवून सकाळी एकदम चढवले, की पंप मागे पडतो आणि कॉइल पेटते. रात्री वाचवलेले सकाळी खर्च होते. त्यापेक्षा तापमान दिवसरात्र साधारण एकसारखे ठेवावे, फिल्टर स्वच्छ ठेवावा. पंपाची हवा हाताला कोमटच लागते, म्हणून ‘इमर्जन्सी हीट’चे बटण दाबू नये. त्यात पंप थांबतो आणि सगळा भार कॉइलवर येतो. ते पंप बिघडला तरच वापरावे. फारशी थंडी नसतानाही कॉइल तासन्‌तास चालत असेल, तर तंत्रज्ञाला बोलवावे.

कॉइल बंद करून घरात कोळशाची शेगडी पेटवणे तर जीवघेणे आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना गरम पाण्याच्या पिशवीचा चटका कळतही नाही.

आई-वडील संकोचाने ‘आम्हाला नाही वाजत थंडी’ म्हणतात. त्यावर विसंबू नये. त्यांच्या खोलीत एक साधा तापमापक ठेवावा आणि तो पाहूनच थर्मोस्टॅटला हात लावावा.