रोज पाच अक्षरे

चिनी भाषेला मुळाक्षरे नाहीत, हे वाक्य आपण शाळेत कधीतरी ऐकतो आणि ‘मग ती माणसे लिहितात तरी कशी?’ हा प्रश्न तसाच मागे ठेवून पुढे जातो. बाराखडीत वाढलेल्या मनाला ही कल्पनाच पेलत नाही. आपल्याकडे स्वर, व्यंजने आणि जोडाक्षरे एकदा हाती आली, की कोणताही शब्द वाचता येतो. मग त्याचा अर्थ कळो वा न कळो. चिनी लिपीत ही सोय नाही. तेथे बहुधा एका अक्षराला स्वतःचा एक अर्थ आणि एक उच्चार असतो, आणि अशी अक्षरे हजारो आहेत. चीन सरकारने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रमाण यादीत ८१०५ अक्षरे असून त्यांपैकी ३५०० नित्य वापरातली मानली आहेत. १७१६ साली पुऱ्या झालेल्या कांग्शी बादशहाच्या कोशात तर ४७,००० हून अधिक अक्षरे सापडतात.

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही ही अक्षरे रोज पाच या बेताने शिकत आहोत. ‘गुरुजी, चीनला निघालात की काय?’ असे आम्हांस गावात विचारले जाते. कॅसलरॉकहून चीनला गाडी जात नाही, हे आम्हांसही ठाऊक आहे. परंतु शिकण्याच्या या प्रकारात शिक्षकाने आणि पालकाने लक्ष घालावे असे बरेच काही आहे, म्हणून आजचे सदर त्यासाठी.

प्रथम लिपीविषयी. ही हजारो अक्षरे म्हणजे हजारो वेगवेगळी चित्रे, हा समज खरा नव्हे. जाणकार अक्षराची फोड करतात. झाडाला ‘मू’ म्हणतात. एक आडवी रेघ, एक उभी आणि दोन बाजूंना दोन उतरत्या फांद्या, एवढे ते अक्षर. दोन झाडे शेजारी काढली की वन, आणि तीन काढली की घनदाट अरण्य. झाडाला टेकलेला माणूस काढला की विश्रांती. सूर्य आणि चंद्र एकत्र आले की उजेड. पण अशी चित्रमय अक्षरे थोडी. बहुसंख्य अक्षरांत एक भाग अर्थ सुचवितो आणि दुसरा उच्चार. ‘छिंग’ असा उच्चार सुचविणारा एक भाग आहे. त्याला पाण्याची खूण लावली की स्वच्छ, निवळ. वाणीची लावली की विनंती. हृदयाची लावली की भावना. आणि सूर्याची लावली की उघडीप. आषाढात ज्याने कॅसलरॉकला पंधरा पंधरा दिवस सूर्य पाहिलेला नाही, त्याला हे शेवटचे अक्षर वेगळे पाठ करावे लागत नाही.

इसवी सन १०० च्या सुमारास शू शेन नावाच्या पंडिताने आपल्या कोशात ९३५३ अक्षरे अशाच खुणांच्या ५४० वर्गांत बसविली. कांग्शी कोशात ते वर्ग २१४ वर आले. म्हणजे डोंगर मोठा आहे, परंतु त्याला पायऱ्या खोदलेल्या आहेत.

रोज पाच अक्षरे घेतली, तर नित्य वापरातली ३५०० अक्षरे सातशे दिवसांत, म्हणजे दोन वर्षांच्या आतच संपतात. हिशेब सोपा आहे. अडचण नवी शिकण्यात नसून जुनी टिकविण्यात आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने १८८५ साली स्मरणाविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यासाठी त्याने निरर्थक शब्दखंडांच्या याद्या स्वतःच पाठ करून किती काळात काय विसरते ते मोजले होते. विसरण्याचा वेग आरंभी फार असतो आणि पुढे मंदावतो, असे त्याला आढळले. मग उपाय उघड आहे. विसरण्याच्या बेतात असलेली गोष्ट नेमकी त्याच वेळी पुन्हा आठवावी. तसे केल्यास पुढच्या खेपेस ती अधिक काळ टिकते. १९७२ साली सेबास्टियान लाइटनर याने यासाठी कप्प्यांची पेटी सुचविली. पत्त्यावरील प्रश्नाचे उत्तर आले की तो पत्ता पुढच्या कप्प्यात जातो आणि उशिरा विचारला जातो. चुकले की पुन्हा पहिल्या कप्प्यात. पुढे पिओत्र वोझ्नियाक या पोलिश तरुणाने १९८७ साली हेच काम संगणकाकडे सोपविले. आज आम्ही वापरतो ती ‘अंकी’ नावाची प्रणाली २००६ पासून आहे. तिचे नाव ‘पाठांतर’ या अर्थाच्या जपानी शब्दावरून ठेवलेले आहे. पत्ते फोनमध्येच राहतात, त्यामुळे पावसात तारा तुटल्या आणि जोडणी गेली तरी अभ्यास थांबत नाही. जोडीला ‘प्लेको’ नावाचा कोश आहे. अनोळखी अक्षर काचेवर बोटाने काढले, की तो त्याचा उच्चार आणि अर्थ पुढे ठेवतो.

या साऱ्यात आम्हांस परके काही वाटले नाही. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा होई. पाढे, पावकी, निमकी, दिडकी, मग श्लोक आणि स्तोत्रे, असा तो क्रम. पाढ्यांच्या पुस्तकालाच ‘उजळणी’ म्हणत. भांडे काळवंडू नये म्हणून ते रोज उजळावे, तशी विद्या उजळावी, एवढा अर्थ त्या एका शब्दात भरलेला आहे. फरक आहे तो इतकाच, की परवच्यात बे चा पाढा आणि एकोणतिसाचा पाढा यांना रोज सारखाच वेळ मिळे. जे पक्के झाले तेही म्हणायचे आणि जे डळमळते तेही. यंत्र पक्क्याला सुट्टी देते आणि डळमळत्याला पुन्हा उभे करते. गुरुजींच्या समोर चाळीस मुले असताना कोणाचे काय डळमळते आहे हे लक्षात ठेवणे अशक्य होते. तेवढी नोंद ठेवण्याचे काम यंत्र करते.

यंत्र नसताना ज्यांनी ही लिपी साध्य केली, त्यांत मराठी माणसे आहेत, हे पुष्कळांस माहीत नसते.

आमच्या घाटाखालच्या गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी बुद्धाच्या ओढीने घर सोडून निघाले, सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकले आणि पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ती भाषा शिकवू लागले. त्यांच्या शिष्यांपैकी पुरुषोत्तम विश्वनाथ बापट एक. ‘विमुत्तिमग्ग’ नावाचा उपतिष्यकृत बौद्ध ग्रंथ आपल्याकडे मूळ रूपात संपूर्ण उरला नव्हता. सहाव्या शतकाच्या आरंभी संघपाल नावाच्या भिक्षूने केलेले त्याचे चिनी भाषांतर मात्र शाबूत होते. आपल्या देशातला ग्रंथ वाचायचा तर परक्या लिपीतून वाचणे प्राप्त होते. बापटांनी ती लिपी आत्मसात केली, त्या चिनी ग्रंथाची ‘विसुद्धिमग्गा’शी ओळीगणिक तुलना केली आणि १९३७ साली ती पुण्यात प्रसिद्ध केली. १९७० मध्ये, पंचाहत्तरी ओलांडल्यावर, जपानी विद्वान हिराकावा यांच्या सहकार्याने त्यांनी आणखी एका चिनी बौद्ध ग्रंथाचे भाषांतर भांडारकर संस्थेतर्फे पुढे आणले. घरात हरवलेली वस्तू शेजाऱ्याने जपून ठेवावी आणि ती मागण्यासाठी त्याची भाषा शिकावी, असा हा प्रकार आहे.

दुसरे उदाहरण सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते, नागपूरचे डॉ. चोळकर हेही त्यांच्याबरोबर होते. तेथे सर्वांच्या नावांना ‘हुआ’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडण्यात आले आणि कोटणीस ‘को दिहुआ’ झाले. १९३९ च्या आरंभी पथक येनानला पोहोचले. सहकारी यथाकाल परतले, कोटणीस राहिले. समोर येणारा जखमी हा खेड्यातला शेतकरी किंवा शिपाई; ‘कोठे दुखते?’ एवढे विचारण्यासही दुभाषा हवा, ही स्थिती किती दिवस चालणार? ते चिनी शिकले, नुसते बोलण्यापुरते नव्हे तर लिहिण्यावाचण्यापर्यंत, आणि बेथून रुग्णालयाचे प्रमुख म्हणून तेथील तरुणांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले. त्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिण्याचे कामही त्यांनी हाती घेतले होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचा मुलगा साडेतीन महिन्यांचा होता. त्याचे नाव ‘यिन्‌हुआ’ ठेवले होते: ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे कोटणिसांचे बलिदान घरोघर पोहोचले. परंतु बलिदानाच्या आधीची ती तीनचार वर्षे, दिवसभर जखमा शिवून उरल्या वेळात अक्षरे गिरविण्याची, ती कोणत्याही चित्रपटात पुरती मावणारी नाहीत.

या दोघांकडे पाहिले म्हणजे साधनांची मर्यादाही कळते. बापटांसमोर वाचायचा ग्रंथ होता, कोटणिसांसमोर वाचवायचा रोगी होता. आमच्या फोनवर नुसता आकडा वाढतो. पाचशे झाली, सहाशे झाली. हा आकडा मोहक आहे, आणि फसवाही आहे. सुटी अक्षरे ओळखणे म्हणजे वाचणे नव्हे. जसे प्रत्येक पान, विडा आणि सुपारी ओळखणारा कोणी पाहुणचार जाणतोच असे नाही. शिवाय ओळखणे वेगळे आणि हाताने लिहिणे वेगळे. चीनमध्येही आता उच्चार रोमन लिपीत टंकित केला की यंत्र अक्षरे पुढे करते. परिणामी शिकलेली माणसेसुद्धा लेखणी उचलल्यावर अक्षर विसरतात, अशी तक्रार तेथे नित्य ऐकू येते. म्हणून आम्ही पाचही अक्षरे वहीत दहा दहा वेळा काढतो. रेघांचा क्रम ठरलेला आहे: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि चौकटीत आतले भरून झाल्यावर दार लावायचे. हाताला जे कळते ते डोळ्याहून उशिरा विसरते, असा आमचा अनुभव आहे.

आता मुख्य मुद्दा. सीमेवरच्या आमच्या गावात घरी मराठी किंवा कोकणी, शाळेत कन्नड, आणि पुढे इंग्रजी, असा मुलांचा प्रवास असतो. १९६१ पर्यंत येथे दोन राज्यांची हद्द होती. आजही स्थानकाची पाटी तीन लिप्यांत आहे. कन्नडातील प, व आणि म ही अक्षरे जुळ्या भावंडांसारखी दिसतात. अक्षराखाली येणारी ओत्तक्षरे तर नवख्याला चकवितातच. मराठीत घडाघडा वाचणारे मूल कन्नड पानावर अडखळले, की ‘हा मंद आहे’ असा शिक्का मारण्यास मोठी माणसे फार वेळ लावीत नाहीत. तो शिक्का मुलाला अक्षरापेक्षा लवकर वाचता येतो.

आम्ही म्हणतो, ज्याला असा शिक्का मारावासा वाटतो, त्याने एक महिना चिनी अक्षरे शिकून पाहावीत. एम.ए.ची पदवी असो की तीस वर्षांचा अनुभव, ‘स्वच्छ’ आणि ‘उघडीप’ या अक्षरांत घोटाळा होतोच, आणि काल पक्के असलेले अक्षर आज हुलकावणी देतेच. तो बुद्धीचा दोष नसून स्मरणाचा स्वभाव आहे. आणि स्वभाव कळला की त्यावर इलाज करता येतो.

गेल्या वर्षी पाचवीच्या वर्गात आम्ही मिठाईच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत कप्पे केले आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर मुलांकडूनच कन्नड अक्षरे लिहून घेतली. प्रत्येकाचे खोके वेगळे. त्यामुळे कोणाची कोणाशी शर्यत नाही. फोन लागला नाही, वीजही लागली नाही. रोज पाच पत्ते नवे, बाकी जुने. चमत्कार घडला असे आम्ही म्हणणार नाही. पण कन्नडाचा तास आला की ज्याच्या पोटात हटकून दुखे, असा एक मुलगा दिवाळीनंतर स्थानकावरच्या पाटीतील ओत्तक्षर धाकट्या बहिणीला समजावून देताना आम्ही पाहिला. पत्ता मागच्या कप्प्यात गेला तरी मुलगा मागे गेला असे होत नाही, एवढे त्याला कळले होते.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी आजोबांच्या पेटीत मोडीतले कागद असतील: जमिनीचे, देण्याघेण्याचे, कदाचित साध्या खुशालीचे. ते वाचणारे आज गावोगाव शोधावे लागतात. चिनीच्या मानाने मोडी म्हणजे अंगणातली लिपी. रोज पाच अक्षरे घेतली तरी मूळ वर्णमाला पंधरवड्यात ओळखीची होते, जरी जुन्या हाताचे वळण लागायला वर्ष जावे लागले. २०१४ पासून संगणकाच्या सार्वत्रिक संकेतप्रणालीतही मोडीला जागा मिळाली आहे. बापटांना आपला ग्रंथ परक्याच्या भाषेतून परत आणावा लागला. आपले कागद अजून आपल्याच पेटीत आहेत. कसर लागण्याच्या आत ते वाचता आले, तर रोज पाच अक्षरांचा हा खर्च फार नव्हे.