पुनर्रचना कोणासाठी? तानसाकाठच्या रिकाम्या हंड्याचा प्रश्न

मागच्या उन्हाळ्यात तानसाच्या अंगाला असलेल्या एका पाड्यावर पाण्यासाठी बैठक होती. टँकर तीन दिवसांआड येत होता. आलेल्या साहेबांनी माझ्या स्कूटीवरचे 'जय भीम' वाचले आणि हसत म्हणाले, "मॅडम, देशात धरणे तुमच्या बाबासाहेबांनीच आणली ना? मग धरणाच्या नावाने ओरडता कशाला?" तेव्हा मी रागात काहीतरी बोलले. आता नीट उत्तर देते, कारण हा प्रश्न साहेबांपेक्षा आपल्याच माणसांना विचारण्यासारखा आहे.

जुलै 1942 मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. वीज आणि पाटबंधारे हे विषय त्यांच्याच खात्यात होते. दुसरे महायुद्ध चालू असतानाच सरकारने युद्धानंतरच्या पुनर्रचनेची तयारी सुरू केली. 25 ऑक्टोबर 1943 रोजी विजेच्या धोरण समितीसमोर बोलताना त्यांनी मूळ मुद्द्यालाच हात घातला. युरोपात पुनर्रचना म्हणजे बाँबने पाडलेले पुन्हा उभे करणे. आपल्याकडे मुळात उभेच काय होते? म्हणून इथली पुनर्रचना म्हणजे युद्धाच्या आधीपासून चालत आलेले दारिद्र्य हटवणे, असा त्यांचा रोख होता. वीज हवी ती उद्योगांसाठी आणि उद्योग हवेत ते गरिबी घालवण्यासाठी. दामोदर खोऱ्याची योजना याच विचारातून पुढे आली. पूरनियंत्रण, सिंचन, वीज, जलवाहतूक हे सगळे एकत्र आणि त्या खोऱ्यातल्या माणसांना धरून.

त्याच वर्षांत आपल्या ठाणे जिल्ह्यात काय चालले होते? मुरबाडच्या डोंगरात आझाद दस्ता मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडत होता. 2 जानेवारी 1943 रोजी सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी शहीद झाले. कोतवाल नाभिक समाजातले वकील होते, हे त्यांच्या जयंतीला हार घालणारे फारसे सांगत नाहीत. ती वीज ज्या गावांवरून जात होती त्या गावांत दिवा रॉकेलचाच होता. 1945 च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली, तिथे वारली वेठबिगारीचे गाऱ्हाणे घेऊन आले. ऑगस्टमध्ये युद्ध संपले. 10 ऑक्टोबरला तलवाड्यात जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, पाच जण मेले. शांतता आमच्या जिल्ह्यात अशी आली.

मग उभारणी. तानसा तर 1892 पासून मुंबईचे होतेच. 1950 च्या दशकात वैतरणेवर मोडकसागर झाले, पुढे भातसा, आणि 2014 मध्ये मध्य वैतरणा. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यापैकी निम्म्याच्या आसपास एकट्या भातसेचे. जमीन गेली ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी, बौद्ध यांची. जलवाहिन्या गावाच्या कडेने गेल्या; बायका मात्र आजही डवऱ्यातले पाणी वाटीने भरतात. आणि कडेलोट बघा : ज्या तालुक्यात तानसा आणि भातसा आहेत त्या शहापूरची तहान भागवायला इगतपुरीच्या भावली धरणावरून पाणी आणायची योजना करावी लागली!

तेव्हा साहेब, बाबासाहेबांनी धरण मागितले होते ते ज्याच्या उशाला पाणी त्याच्या घरात उजेड आणि शेतात ओल यावी म्हणून. तुम्ही भिंत उचललीत आणि हेतू तिथेच टाकलात. महाडला 1927 मध्ये तळे समोर होते आणि पाणी पिण्याची बंदी होती. इथे बंदीची पाटी नाही, नुसता व्हॉल्व्ह आहे आणि त्याची चावी मुंबईत आहे.

आता आपल्या घरचे. 14 एप्रिलला 'आधुनिक जलनीतीचे शिल्पकार' असा बॅनर आपणही लावतो. मीही लावलाय, वर्गणीही जमवली आहे. पण त्या बॅनरखालून रिकामा हंडा घेऊन जाणारी कातकरी बाई आपल्या मिरवणुकीत नसते. तिचा प्रश्न आदिवासी संघटनांचा, आपला विहाराच्या बांधकामाचा, अशी वाटणी कोणी केली? समाजशास्त्र शिकताना वर्ग आणि जात यांवर ढीगभर वाचले. पण एका पाड्यावर बौद्धवाड्याची आणि कातकरवाडीची टँकरची रांग वेगळी लागताना पाहिली, तेव्हा खाली मान घालावी लागली.

मुरबाडला काळू धरणाचे काम वनमंजुरी नसताना सुरू झाले होते, 2012 मध्ये उच्च न्यायालयाने ते थांबवले. पण मुंबई महानगराची तहान वाढतेच आहे, त्यामुळे असे कागद पुन्हा पुन्हा टेबलावर येतील. विकासाला विरोध नको म्हणून आपल्यालाच बाबासाहेबांचे नाव ऐकवले जाईल. त्याआधीच बौद्धवाडी, कातकरवाडी, ठाकूरपाडा यांनी एकाच ग्रामसभेत बसून ठराव घ्यावा : पहिला नळ खोऱ्यातल्या पाड्यांना, धरणग्रस्ताला जमिनीच्या बदल्यात जमीन, आणि हे हातात पडेपर्यंत भिंतीचा एकही दगड नाही. ठरावाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे, ज्या गावाला हवा त्यांनी न्यावा.