विमानतळावरची तपासणी आणि बदललेला गुडघा

"डॉक्टर, पोराकडे अमेरिकेला चाललो. व्हिसा झाला, तिकीट झालं. फक्त त्या यंत्रातून गेलो तर पेसमेकर बंद तर नाही पडणार?" हा प्रश्न आता दवाखान्यात वरचेवर येतो. कधी पेसमेकरऐवजी बदललेला गुडघा असतो, कधी इन्सुलिनचे पेन. बुलढाणा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. विमान पकडायचे तर छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा थेट मुंबई गाठावी लागते. एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोऱ्याहूनही मुंबईला जाता येते. त्यामुळे खामगाव, चिखली, मेहकरच्या अनेक आईवडिलांचा पहिला विमानप्रवास साठीनंतर होतो, आणि तोही थेट परदेशाचा. उड्डाणापेक्षा त्यांना तपासणीच्या रांगेचीच धास्ती अधिक असते.

ही भीती अडाणीपणाची नाही. एकाच प्रवासात दोन-तीन देशांच्या तपासण्या होतात आणि प्रत्येक देशाची रीत वेगळी असते. ती वेगळी का, हे समजले तर निम्मी भीती जाते. उरलेली निम्मी मात्र व्यवस्थेने घालवायची आहे.

आपल्याकडची रीत हातावर चालते. डिसेंबर १९९९ मधील विमान अपहरणानंतर, २००० पासून विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. प्रवासी धातूशोधक चौकटीतून जातो, मग जवान हातातले यंत्र अंगावरून फिरवतो आणि गरजेनुसार हाताने चाचपतो. स्त्रियांसाठी पडद्याआड महिला कर्मचारी असतात. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी काचेच्या कक्षात हात वर करून काही क्षण उभे राहावे लागते. २५ डिसेंबर २००९ रोजी एका प्रवाशाने अंतर्वस्त्रात लपवलेले स्फोटक धातूशोधकाला कळलेच नव्हते. त्यानंतर ही यंत्रे झपाट्याने वाढली. बूट काढण्याची पद्धत २००१ च्या बूट-बॉम्बच्या प्रयत्नातून आली आणि जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने ती बहुतांशी मागे घेतली. शंभर मिलिलिटरची मर्यादा २००६ मध्ये लंडनला उघड झालेल्या कटाची देणगी आहे. इस्रायलमध्ये यंत्रापेक्षा प्रश्नांवर भर असतो: बॅग कोणी भरली, कोणाकडे चाललात, किती दिवस राहणार. त्यात वेळ वाचतो असे म्हणतात. पण माणसाच्या नावागावावरून कमी-जास्त प्रश्न विचारले जातात, ही टीकाही तितकीच जुनी आहे.

आता आरोग्याचा मुद्दा. धातूशोधक चौकट क्षीण चुंबकीय क्षेत्रावर चालते. तिच्यात क्ष-किरण नसतात. आजचे पेसमेकर अशा क्षेत्रापासून बऱ्यापैकी सुरक्षित असतात. नेहमीच्या चालीने चौकटीतून निघून जावे, तिला टेकून किंवा तिच्यात रेंगाळत उभे राहू नये, आणि हातातले यंत्र पेसमेकरवर धरून ठेवू नका, असे आधीच सांगावे. हृदयातल्या स्टेंटला यातून काही होत नाही. काचेच्या कक्षातले आजचे यंत्र मिलिमीटर लहरी वापरते. या लहरी कपड्यांतून जातात, त्वचेवरून परततात आणि पेशींचे आयनीभवन करत नाहीत. अमेरिकेत पूर्वी क्ष-किरणांवर चालणारी अंग-तपासणी यंत्रेही होती. त्यांचा डोस एका वेळेला ०.१ मायक्रोसिव्हर्टहून कमी होता, तर उंचावरून उडताना अंतराळातील किरणांमुळे तासाला साधारण ३ ते ५ मायक्रोसिव्हर्ट मिळतात. म्हणजे ती तपासणी फार तर दोनेक मिनिटांच्या उड्डाणाइतकी. तरीही युरोपीय संघाने २०११ मध्ये ती यंत्रे मान्य यादीबाहेर ठेवली आणि अमेरिकेने २०१३ मध्ये हटवली. युरोपचे कारण आरोग्याचे होते, अमेरिकेचे मुख्यतः खासगीपणाचे: त्या यंत्रात प्रवाशाचे शरीर दिसत असे. आता पडद्यावर सर्वांसाठी एकच ठोकळेबाज आकृती येते आणि शंकेच्या जागी फक्त खूण उमटते.

मग यंत्रच चांगले, हात वाईट, असे म्हणावे का? इतके सोपे नाही. तपासणी विमानतळावरची असो वा रोगाची, तिचे गणित एकच असते. समजा, लाख प्रवाशांत एकही घातपाती नाही आणि यंत्र शंभरातल्या पाच जणांवर चुकून खूण करते. म्हणजे पाच हजार निरपराध माणसे बाजूला घेतली जाणार. जर्मनीने २०१०-११ मध्ये हॅम्बुर्गला सुमारे आठ लाख प्रवाशांवर अशी यंत्रे वापरून पाहिली. कपड्यांच्या घड्या आणि घाम यांनीही खोट्या सूचना दिल्या, म्हणून त्या वेळी यंत्रे लावणे पुढे ढकलले गेले. घड्यांचा हा हिशेब साडी नेसणाऱ्या आपल्या बायकांनी लक्षात ठेवावा. निऱ्या, अंबाडा, पदराची पिन यांवर खूण उमटली म्हणजे आपण गुन्हेगार ठरलो असे नव्हे. उलट बाजूही आहे. अमेरिकेच्या सरकारनेच गुपचूप घेतलेल्या चाचण्यांत ७० पैकी ६७ वेळा बंदी असलेली वस्तू तपासणीतून पार गेली, हे २०१५ मध्ये बाहेर आले.

हाताला लावून फिरवतात त्या चिंधीचेही तसेच. तिच्यावरचे कण स्फोटकांशी जुळतात का, हे यंत्र पाहते. नत्रयुक्त खत किंवा ग्लिसरीन असलेले मलम हाताला असेल, तर ते खोटी सूचना देऊ शकते. सकाळी कपाशीला खत टाकून संध्याकाळी गाडीत बसणाऱ्या शेतकऱ्याने म्हणूनच हात साबणाने नीट धुवावेत, बूट-चपला पुसाव्यात. एवढे करूनही थांबवले, तर घाबरू नये. दुसरी तपासणी त्यासाठीच असते.

खोटी सूचना टाळता येत नाही, हे मान्य केले की खरा प्रश्न समोर येतो: सूचना वाजल्यानंतर माणसाला कसे वागवतात? देशादेशांतला खरा फरक मला इथे दिसतो. ज्याच्या गुडघ्यात कोबाल्ट-क्रोम किंवा टायटॅनियम आहे, त्याच्यासाठी चौकट जन्मभर वाजू शकते. मिलिमीटर लहरींचे यंत्र त्वचेच्या आत पाहत नसल्याने तिथे तो सहसा सुटतो. अमेरिकेत यंत्र नको असेल तर हाताने तपासणी मागता येते, ती खासगी खोलीत, सोबतच्या माणसासमोर व्हावी असे सांगता येते. हा हक्क तिथे फलकावर लिहिलेला असतो. आपल्याकडेही खासगी तपासणी मागता येते, पण मागावी लागते, आणि पहिल्यांदा विमानतळ पाहणाऱ्या माणसाला हे ठाऊकच नसते.

नृत्यांगना सुधा चंद्रन यांना ते ठाऊक होते, तरी उपयोग झाला नाही. विमानतळावर दर वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात, असे त्यांनी ऑक्टोबर २०२१ मध्ये पंतप्रधानांना उद्देशून जाहीरपणे सांगितले. सुरक्षा दलाने माफी मागितली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मानवी प्रतिष्ठा जपण्यासाठी अपंग प्रवाशाला कृत्रिम अवयव काढायला लावू नये. मळणीयंत्रात पाय गमावलेला, जयपूर फूटवर चालणारा माणूस आपल्या गावांतही आहे. त्याच्यामागे कॅमेरे नसतात. त्याने कोणाला सांगावे?

नागरी विमान सुरक्षा ब्युरोने २०१९ मध्येच ८४ विमानतळांवर मार्च २०२० पर्यंत अंग-तपासणी यंत्रे लावण्यास सांगितले होते. मुदती सरकत गेल्या. यंत्रे महाग आहेत, हे खरे. पण सर्वांसाठी एकदम नको. प्रत्येक मोठ्या विमानतळावर निदान एक रांग प्रत्यारोपण झालेल्यांसाठी, कृत्रिम अवयव वापरणाऱ्यांसाठी, चाकाच्या खुर्चीवरच्यांसाठी असावी. तोवर फलक तरी लागावा, मराठीत आणि मोठ्या अक्षरांत: 'खासगी तपासणी मागणे हा तुमचा हक्क आहे.' त्याला खर्च रंगाचा.

आम्हा डॉक्टरांचीही चूक आहे. गुडघा बदलून घरी सोडताना फिजिओथेरपीचा कागद देतो, पण कोणता सांधा, कोणत्या धातूचा, कोणत्या दिवशी बसवला याचे कार्ड अनेकदा रुग्णाच्या हाती पडत नाही. पडले तर बिलांच्या गठ्ठ्यात हरवते. या कार्डाने तपासणीतून सूट मिळत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण भाषा न कळणाऱ्या माणसाच्या वतीने ते बोलते. ते इंग्रजीत लिहून देणे पाच मिनिटांचे काम आहे.

प्रवासाला निघणाऱ्यांनी एवढे करावे. इन्सुलिन सोबतच्या पिशवीतच ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते, तर पिशवीवरच्या क्ष-किरणांनी त्याला काही होत नाही. इन्सुलिन पंप किंवा साखरमापक संवेदक असेल, तर कंपनीची सूचना वाचून हाताने तपासणी मागावी. प्रवासात लागणाऱ्या द्रव औषधांना शंभर मिलिलिटरची अट लागत नाही. मूळ वेष्टन आणि चिठ्ठी जवळ हवी. लोणचे हातातल्या पिशवीत नको, आणि सुके खोबरे घरीच राहू द्यावे. तेलामुळे ते पेट घेऊ शकते, म्हणून ते मनाईच्या यादीत आहे. नातवासाठीचे लाडू खुशाल न्यावेत, पण त्यांत खोबऱ्याऐवजी शेंगदाणे चालतील.

पेसमेकरवाल्या आजोबांना मी सांगितले, "यंत्राला भिऊ नका, चालत राहा." हे सांगणे सोपे होते. पुढे कोणी परक्या भाषेत, वरच्या आवाजात "शर्ट काढा" म्हणाले तर काय करायचे, हे त्यांनी विचारले नाही. विचारले असते, तर माझ्याकडे तितके सोपे उत्तर नव्हते. ते उत्तर विमानतळाच्या भिंतीवर लिहिलेले असायला हवे.