पवनचक्क्यांखालचे बेट

पुणे–नगर रस्त्यावर सुप्याच्या परिसरात कवड्या डोंगराच्या माथ्यावर पाती फिरताना दिसतात. खांडक्याकडेही पवनचक्क्यांची रांग आहे. धूर नाही, राख नाही, वारा फुकटचा आणि माळ ‘पडीक’. या हिशेबातला शेवटचा आकडा तेवढा खोटा आहे.

तो कसा, हे साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर दिसले. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले या संशोधकांनी तिथल्या चक्क्यांखालच्या आणि चक्क्या नसलेल्या भागांची तुलना केली आणि 2018 साली ती प्रसिद्ध केली. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जेमतेम चौथ्या हिश्श्यावर आले होते. तिसा, कापशी घार यांनी पाठ फिरवली की त्यांचा घास वाचतो. तो घास म्हणजे ऐन उन्हाळ्यात, विणीच्या हंगामात, गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून दगडावर मिरवणारा सरडा. चक्क्यांखाली त्यांची दाटी झाली होती.

मग बिघडले काय, असे कुणी विचारील. सरड्यांची अंगे खंगलेली होती आणि नरांचे रंग फिके पडले होते. एवढ्या तोंडांत किडे वाटून खायचे तर दुसरे काय होणार? शिवाय रक्तातले ताणाचे संप्रेरक घटले होते आणि माणूस कितीतरी जवळ आला तरी हे सरडे हलत नव्हते. आभाळातून झडप येते, ही धास्तीच ओसरली होती.

बेटांवर हे जुनेच आहे. 1835 साली गालापागोसवर डार्विनने एक समुद्री सरडा पुन्हापुन्हा पाण्यात भिरकावला आणि तो दरवेळी पोहत त्याच्याच पायाशी परत आला. धोका समुद्रात शार्कचा. किनाऱ्यावरही वैरी असतो, हे त्याच्या गावीही नव्हते. बेट मुख्य भूमीपासून जितके दूर, तितके तिथले सरडे माणसाला जवळ येऊ देतात, असे पुढे अनेक जातींच्या तुलनेतून दिसले. चाळकेवाडीला समुद्र नाही. तिथे बेट तयार केले ते पात्यांनी.

आता याला लगेच उत्क्रांती म्हणू नये. धीटपणा किंवा रंग एकाच आयुष्यातही बदलू शकतो. वारशाने उतरलेला बदल सिद्ध करायला पिढ्या तपासाव्या लागतात. पण शिकाऱ्याचा दाब बदलला की निवड किती झपाट्याने फिरते, हे बहामाजमध्ये जोनाथन लोसॉस आणि सहकाऱ्यांनी 2006 साली दाखवले. 12 चिमुकल्या बेटांपैकी 6 बेटांवर त्यांनी जमिनीवर शिकार करणारा मोठा सरडा सोडला. पहिल्या सहा महिन्यांत तिथल्या तपकिरी सरड्यांपैकी लांब पायांचे जास्त तगले, कारण त्यांना पळता येत होते. मग उरलेले झुडपांवर चढले आणि वर्षाअखेरीस बारीक डहाळ्यांवर आखूड पाय सरस ठरले. बारा महिन्यांत निवडीची दिशाच उलटली! आपल्या चक्क्या तर वर्षानुवर्षे फिरत आहेत.

पवनचक्क्या पाडा, असे आमचे म्हणणे नाही. कोळशापेक्षा वारा केव्हाही बरा. पण 2006 च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्प धरलेलेच नाहीत, म्हणजे चक्कीखाली कोण राहते हे विचारायची सक्तीच नाही. ती नसली म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना कुणी अडवलेले नाही. सरडा किती अंतरावरून पळतो, हे पाहायला मोजपट्टी, वही आणि उन्हात उभे राहण्याची तयारी एवढे पुरते. चक्क्यांखालचा माळ कवड्या डोंगरावर आहे, तुलनेसाठी काळविटांकरिता राखलेला रेहेकुरीचा माळ कर्जत तालुक्यात आहे. प्राणिशास्त्राच्या विभागांनी येत्या उन्हाळ्यात ही नोंद सुरू करावी, आणि नव्या चक्क्यांना परवानगी देताना असे मोजमाप आधी व नंतर, कंपनीच्या खर्चाने, करून घेण्याची अट जिल्हा प्रशासनाने घालावी.