बाजार बंद करा, पण दावणीचा खर्चही मोजा

गुरांचा बाजार बंद झाला की गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘आजार माश्यांनी पसरतो ना? मग बाजार बंद करून काय साधणार?’ 2022 मध्ये लम्पी चर्मरोगाच्या साथीत हा प्रश्न पारापारावर विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र शेतकऱ्याला कुणी नीट समजावून सांगितले नाही.

लम्पीचा विषाणू देवीच्या विषाणूंच्या कुळातला. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत तो एका जनावरातून दुसऱ्यात जातो. पण माशी सहसा या गोठ्यातून शेजारच्या गोठ्यात जाते. शंभर-दोनशे किलोमीटरवरच्या तालुक्यात विषाणू पोहोचवतो तो टेम्पो. त्यात उभे असलेले जनावर वरून धडधाकट दिसते. जागतिक पशुआरोग्य संघटना या आजाराचा सुप्तकाळ 28 दिवसांपर्यंत धरते. म्हणजे दात बघून, पाठीवर थाप मारून जनावर पारखणाऱ्या जाणत्या माणसालाही बाजारात हा आजार ओळखता येईलच असे नाही.

उशीर किती महाग पडतो, हे ब्रिटनने 2001 मध्ये लाळ्या-खुरकुताच्या साथीत अनुभवले. पहिला रुग्ण 20 फेब्रुवारीला निश्चित झाला. देशभरातील जनावरांची वाहतूक 23 फेब्रुवारीला थांबवली गेली. तोवर मेंढ्यांच्या बाजारांतून विषाणू दूरदूर पोहोचला होता. ती साथ आटोक्यात आणताना 60 लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली.

आपल्याकडे ऑगस्ट 2022 मध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पीचे रुग्ण आढळले. पुढे 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध कायद्याखाली नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले; बाजार, जत्रा, शर्यती आणि गुरांची वाहतूक थांबली. शेळ्यांच्या देवीवरील लस गायी-बैलांना मोफत टोचली गेली. दगावलेल्या दुभत्या गायीसाठी 30 हजार, बैलासाठी 25 हजार आणि वासरासाठी 16 हजार रुपये मदत जाहीर झाली. हे सारे योग्यच होते.

पण ही मदत मेलेल्या जनावरासाठी होती. जिवंत, निरोगी, पण विकता न येणाऱ्या जनावराचे काय? पेरणीसाठी, लग्नासाठी, दवाखान्यासाठी पैसे लागले की लहान शेतकरी गोठ्याकडे बघतो. बाजार बंद म्हणजे त्याची बँक बंद. वर वैरणीचा रोजचा खर्च आहेच. ऊसतोडीला बैलगाडी घेऊन निघणाऱ्या कुटुंबाला तर बैल थांबला की हंगामाचीच चिंता. असा माणूस अडला, की व्यापारी रात्री दारात येतो आणि पडेल भावात जनावर नेतो. चोरून गेलेल्या जनावराची ना नोंद, ना तपासणी. म्हणजे ज्या बंदीने साथ अडवायची, तिच्याच फटीतून ती पुढे सरकते.

म्हणून बंदी सैल करू नये. ती सोसता येईल अशी करावी. पहिल्या दिवशीच तिचा परिसर आणि फेरआढाव्याची तारीख गावच्या फलकावर लागावी. अडकून पडलेल्या जनावरांसाठी चारा किंवा दिवसाला ठरावीक मदत मिळावी. लस घेऊन पुरेसे दिवस झालेल्या बैलाला आरोग्य दाखला गावातच मिळावा, त्यासाठी तालुक्याला हेलपाटे नकोत. जनावरांच्या कानात 12 अंकी बिल्ला मारला जातोच. मालक बदलला की नोंदही बदलली, तर आजारी जनावर कुठून आले हे काही तासांत कळेल. आणि गोठ्यातली माशी-गोचीड हटवण्याचे काम बंदीइतकेच नेटाने व्हावे, कारण शेजारच्या गोठ्याला धोका तिचाच.

आजार दिसताच कळवणे ही पशुपालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. पण कळवणाऱ्याचा बाजार बुडणार आणि लपवणाऱ्याचे जनावर विकले जाणार असेल, तर कोण कळवेल?

शहरातल्या वाचकालाही यात वाटा उचलता येतो. लम्पी माणसाला होत नाही आणि उकळलेले दूध पिण्यास सुरक्षित असते. अफवेपोटी दूध नाकारले, तर आधीच अडलेल्या शेतकऱ्याचे रोजचे उत्पन्नही जाते. बंदीचा फायदा सर्वांना होतो. तिची किंमत एकट्या दावणीने का मोजावी?