संयुक्त मंत्रिमंडळ : दोष कोणाचा?

कोणत्याहि एका पक्षास बहुमत न मिळाल्यास दोनतीन पक्ष मिळून राज्य चालवितात. असें संयुक्त सरकार दुबळेंच असावयाचें, असा समज आहे. आम्हांस तो अर्धाच खरा वाटतो.

१९७८ सालीं शरद पवार यांच्या नेतृत्वाखालीं पुरोगामी लोकशाही दलाचें संयुक्त सरकार आलें, तें फेब्रुवारी १९८० मध्यें बरखास्त झालें. परंतु आधींच्या सरकारच्या काळांत, १९७७ सालीं, मंजूर झालेला रोजगार हमीचा कायदा याच अल्पायुषी सरकारच्या कारकीर्दींत, २६ जानेवारी १९७९ रोजीं, अमलांत आला. पाटोद्यासारख्या अवर्षणाच्या तालुक्यांत त्याचें मोल काय, हें दुष्काळीं कामावर खडी फोडलेल्या वृद्धांस विचारावें. सरकार गेलें, कायदा राहिला.

उलट, २०१९ सालीं एकत्र मतें मागणारे भाजप व शिवसेना मुख्यमंत्रिपदावरून विभक्त झाले. निकाल २४ ऑक्टोबरला लागला. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपति राजवट आली. त्याच सुमारास अवकाळी पावसानें मराठवाड्यांतील शेतकऱ्याच्या हातचीं पिकें नेलीं होतीं, आणि त्याचें गाऱ्हाणें ऐकण्यास लोकनियुक्त मंत्रिमंडळ नव्हतें!

तेव्हां दोष एकत्र येण्याचा नव्हे. कोणतें काम करावयाचें हें न ठरवितां कोणतें पद घ्यावयाचें एवढ्यावरच भांडण्याचा तो दोष आहे. औताच्या दोन्ही बैलांस एकाच तासानें चालावें लागतें.

म्हणून पक्षांनीं आपला करार लिहून, निदान शपथविधीपूर्वीं तरी, लोकांपुढें मांडावा. आणि पालकहो, मत मागावयास येणाऱ्यापाशीं आपण प्रथम तो करारच मागावा. विद्यार्थीमित्रहो, उद्यांचे मतदार तुम्हीच आहां. ही संवय आजच लावून घ्या.