‘येऊ द्या, येऊ द्या’ कोण म्हणणार?

मालट्रक मागे घ्यायचा असला की आधी क्लीनर खाली उडी मारतो. ड्रायव्हरच्या आरशात दिसेल असा मागच्या कोपऱ्याशी उभा राहतो आणि ‘येऊ द्या, येऊ द्या… थोडं उजवीकडे कट मारा… येऊ द्या’ म्हणत तळव्याने पत्र्यावर थापा देत राहतो. शेवटी एक जोराची थाप, ‘बास!’, आणि ब्रेक. एसटीचा कंडक्टर हेच काम शिट्टीने करतो. मोठी गाडी मागे घेणे हे आपल्याकडे कायम दोघांचे काम राहिले आहे, एक चाकावर आणि एक जमिनीवर. कॅम्पर व्हॅनने यातला जमिनीवरचा माणूस काढून टाकला, पण अंग मिनीबसचेच ठेवले. म्हणून माझे म्हणणे असे की, या गाडीच्या मागचे पार्किंग सेन्सर ही हौसेची ॲक्सेसरी समजणे चूक आहे. ते बॉडीचा भाग समजावेत, बॉडी पूर्ण झाल्यावर तिच्या मापाने बसवावेत, आणि भाड्याने जाणारी कॅम्पर व्हॅन तर त्यांच्याशिवाय रस्त्यावर येऊच देऊ नये.

महाराष्ट्राने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण २०२१ मध्ये आणले, त्याच वर्षी केरळनेही. तेव्हापासून फोर्स ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांवर पलंग, ओटा, मोरी आणि पाण्याची टाकी बसवून त्या फिरायला देणाऱ्यांचा धंदा आपल्याकडे उभा राहतो आहे. गाडी तीच, पण आतली रचना बदलली की चालकाचे डोळेही बदलतात, हे कुणी फारसे ध्यानात घेत नाही. मिनीबसच्या मागच्या काचेतून निदान उजेड तरी येतो. कॅम्परमध्ये त्या काचेसमोर पलंग येतो, कपाट येते, नाहीतर काचच बंद होते, आणि आतल्या आरशात चालकाला दिसतात ती हँगरला लावलेली टॉवेलं. बाजूचे दोन आरसे गाडीच्या कडा दाखवतात. त्या दोन कडांच्या मधला, बंपरला लागून असलेला पट्टा दोन्हींत येत नाही. सहा-सात मीटर लांबीच्या गाडीमागे तीन-चार वर्षांचे पोर उभे असेल, तर ते चालकाच्या जगात नसतेच. आणि कॅम्परची जागा कुठली, तर समुद्रकाठची सुरूची झाडी, धरणाकाठचे माळरान, एखाद्याच्या आंबराईतले अंगण. दिवे नाहीत, पट्टे आखलेले नाहीत. मागच्या दाराच्या पायरीशी मुले खेळतात, कारण ती पायरी म्हणजे त्या दिवसापुरती घराची ओटीच असते. नेमके तेच दार आंधळ्या पट्ट्यात उघडते.

हा धोका किती मोठा आहे, हे आपल्या आकडेवारीतून कळत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात २०२२ सालचे १,६८,४९१ मृत्यू आहेत. टक्कर समोरासमोर झाली, मागून झाली, बाजूने झाली की उभ्या वाहनावर, अशी वर्गवारीही आहे. गाडी रिव्हर्समध्ये असताना कोण दगावले, याचा रकाना मात्र नाही. जिथे रकाना ठेवला, तिथे चित्र दिसले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या अंदाजाप्रमाणे हलक्या वाहनांखाली मागे येताना सापडून तिथे वर्षाला सुमारे २१० माणसे जात होती आणि १५ हजार जखमी होत होती. मृतांपैकी ३१ टक्के पाच वर्षांखालची मुले होती, २६ टक्के सत्तरीच्या पुढचे वृद्ध. तिथल्या कायद्याला कॅमेरॉन गुलब्रॅन्सन या दोन वर्षांच्या मुलाचे नाव आहे. २००२ मध्ये लाँग आयलंडवर, घराशी गाडी मागे घेणाऱ्या स्वतःच्या वडिलांच्या चाकाखाली तो आला. वडील बालरोगतज्ज्ञ होते. कायदा २००८ मध्ये झाला आणि मे २०१८ पासून तिथल्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीत मागचे दाखवणारा कॅमेरा सक्तीचा झाला. ब्रिटनमधली कामगार सुरक्षा यंत्रणा सांगते की, कामाच्या ठिकाणी वाहनांमुळे होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळपास एक चतुर्थांश गाडी मागे घेताना होतात. ती माणसे तर रोज गाड्यांमध्ये वावरणारी, शिकलेली. सुट्टीवर आलेल्या कुटुंबाची काय कथा?

आपल्याकडे नियम नाही असे नाही. १ जुलै २०१९ पासून नव्या कारला, म्हणजे चालक सोडून आठपर्यंत आसनांच्या प्रवासी गाडीला, मागचे सेन्सर बंधनकारक झाले. पण हा नियम कारखान्यातून निघणाऱ्या गाडीला लागतो. कॅम्पर ही कारखान्यातून निघाल्यावर पुन्हा एकदा जन्मणारी गाडी आहे. बॉडी बांधणारा मागे शिडी लावतो, स्टेपनी दारावर आणतो, सायकलींचा रॅक जोडतो. मूळ बंपरमध्ये सेन्सर असले तरी ते आता चुकीच्या ठिकाणी पाहत असतात. साधे गणित आहे. बहुतेक सेन्सरचा बजर अडथळा सुमारे ३० सेंटिमीटरवर आला की सलग वाजू लागतो, तो ‘थांबा’ हा इशारा. शिडी बंपरच्या ३० सेंटिमीटर बाहेर आलेली असेल, तर इशारा वाजतो त्या क्षणी शिडी भिंतीला टेकलेली असते. उलट रॅकवरच्या सायकलीचे चाक सेन्सरसमोर लोंबत असेल, तर रिव्हर्स टाकल्याबरोबर बजर बोंबलायला लागतो. तिसऱ्या दिवशी कुणीतरी वायर उपटून टाकतो. वायर उपटणाऱ्याला दोष देता येईल, पण मूळ चूक माप न घेता भोक पाडणाऱ्याची आहे.

म्हणून कसे बसवायचे, यावरच बरेचसे ठरते. सेन्सर साधारण ४० किलोहर्ट्झचा, कानाला न ऐकू येणारा आवाज सोडतो आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढतो. दीड मीटरवरच्या भिंतीला आवाज जाऊन परत यायला नऊ सहस्रांश सेकंदसुद्धा लागत नाहीत. यंत्र चपळ आहे, उशीर होतो तो माणसाकडून. ताशी ५ किलोमीटरने, म्हणजे चालण्याच्या वेगाने गाडी मागे येत असेल तर दीड मीटर संपायला सेकंदाहून थोडासाच जास्त वेळ लागतो, आणि ऐकून ब्रेक दाबायला माणसाला जवळपास तितकाच लागतो. वेग ताशी २ किलोमीटर असेल तर हातात पावणेतीन सेकंद येतात. चार सेन्सर हवेत, जमिनीपासून ५० ते ६० सेंटिमीटरवर, आणि मोजायचे ते सामान व पाणी भरल्यावर, कारण टाकी भरली की मागचा भाग बसतो. बसलेल्या गाडीचे सेन्सर किंचित खाली झुकले की रस्त्यालाच अडथळा समजतात. ट्रॅव्हलरसारख्या गाडीचा मागचा बंपर लोखंडी असेल तर सेन्सरभोवती रबरी कडे हवेच, नाहीतर पत्र्याची थरथर त्याला प्रतिध्वनी वाटते. भोकाच्या कडेला रंगाचा हात फिरवला नाही तर कोकणात पहिल्याच पावसाळ्यात गंज धरतो. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, पण ते बॉडी बांधणाऱ्याने करायचे आहे, चौकातल्या स्टिकरवाल्याने नव्हे.

यावरचा सर्वांत भारी आक्षेप कॅमेऱ्याचा आहे, आणि तो मला मोडीत काढायचा नाही. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१४ मध्ये चालकांना गाडी मागे घ्यायला लावून, वाटेत लहान मुलाच्या आकाराचा पुतळा ठेवून पाहिला. नुसता सेन्सर असलेल्यांपैकी जवळपास सगळ्यांनी तो उडवला. कॅमेरा असलेल्यांची कामगिरी बरीच बरी निघाली. दोन्ही असलेले चालक नुसत्या कॅमेरावाल्यांपेक्षा सरस ठरले नाहीत. मग सेन्सरचा आग्रह कशाला? कारण त्या चाचण्या कारवरच्या होत्या. कॅम्पर मागे घेणाऱ्याचे डोळे आधीच दोन बाजूच्या आरशांत अडकलेले असतात. मागचे लांब बूड वळताना बाहेर फेकले जाते, वर फांदी असते, बाजूला चिऱ्याचा गडगा असतो. तिसरी चौकट बघायला तिसरा डोळा नाही, कान मात्र मोकळा आहे. शिवाय आंबोलीच्या धुक्यात आणि चिखलाच्या फवाऱ्यात भिंग दहा मिनिटांत आंधळे होते. सेन्सरवरही चिखल बसतो, पण तो बोटाने पुसला की झाले. ज्याला परवडेल त्याने दोन्ही बसवावेत. याच संस्थेच्या पुढच्या अभ्यासात कॅमेरा, सेन्सर आणि आपोआप लागणारा ब्रेक असे तिन्ही असलेल्या गाड्यांचे मागे येतानाचे अपघात ७८ टक्क्यांनी कमी दिसले, नुसत्या कॅमेऱ्याने १७ टक्क्यांनी. एकावर एक थर चढवल्याने फरक पडतो. सेन्सर हा त्यातला सर्वांत खालचा, सर्वांत स्वस्त थर आहे.

‘कसलेल्या ड्रायव्हरला याची गरज नाही’ हा आक्षेप ऐकायला रुबाबदार, पण पोकळ आहे. कसब दिसणाऱ्या गोष्टींवर चालते. खर्चाचे म्हणाल, तर चार सेन्सरचा बरा संच आणि मजुरी मिळून काही हजारांत भागते. ज्या गाडीच्या आतल्या सजावटीवर लाखो रुपये जातात, तिथे हा खर्च काढणे म्हणजे वाड्याला कडी न लावण्यासारखे आहे. ‘कुटुंबातला एकजण उतरून सांगेल’ हे बरोबर आहे आणि तसे करावेच. फक्त तो उतरणारा बहुतेक वेळा गाडीच्या बरोबर मागे, मध्यभागी उभा राहतो, म्हणजे ज्या जागेसाठी सेन्सर हवा त्याच जागेत. क्लीनर कोपऱ्यात उभा राहतो तो उगीच नाही. राहिले ते गाण्याची धून वाजवणारे रिव्हर्स हॉर्न. त्यांनी सगळी जबाबदारी मागच्या माणसावर ढकलली आहे. दोन वर्षांच्या मुलाला ती धून म्हणजे बाजूला हो असे वाटेल, की जवळ ये?

एक गोष्ट मात्र सेन्सर बसवणाऱ्याने गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायला हवी, आणि ती कुणी सांगत नाही. सेन्सरला खड्डा ऐकू येत नाही. प्रतिध्वनी यायला समोर काहीतरी असावे लागते. पाटाचा काठ, दरड, उघडी गटारे, वाळूचा कडा यांच्या दिशेने गाडी गेली तर बजर शांत राहतो, कारण त्याच्या लेखी मागे मोकळे आकाश आहे. तारेचे कुंपण, बारीक खांब, वरून आलेली फांदी आणि बंपरखाली गेलेला दगड यांचेही तसेच. बजर वाजला तर थांबायचे, एवढाच त्याचा अर्थ. तो वाजला नाही याचा अर्थ ‘येऊ द्या’ असा होत नाही. अनोळखी जागी गाडी मागे घेण्याआधी एकदा उतरून मागे चक्कर मारायची, हे कुठल्याही संचाने माफ केलेले नाही.

मोटर कॅरव्हॅनसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. आरटीओत पासिंगसाठी आलेली कॅम्पर शिडी, रॅक, स्टेपनीसह मोजली जाते की नाही आणि तेवढ्या लांबीला सेन्सर जुळतात की नाही, हे तपासायला पाच मिनिटे पुरतील. एमटीडीसीने आपल्या आवारात गाडी लावू देण्यासाठी तीच अट घातली तर धंदेवाले आठवड्यात सेन्सर बसवतील. तोवर भाड्याने घेणाऱ्यांनी अनामत भरण्याआधी एवढे करावे: हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून, फक्त चावी फिरवून रिव्हर्स टाकावा आणि कुणालातरी पाण्याची बादली घेऊन गाडीमागे दोन मीटरवरून जवळ यायला सांगावे. बादली आधी कमरेला धरून, मग जमिनीला घासत. दुसऱ्या वेळी बजर कुठे गप्प होतो, ते नीट ऐकून ठेवा. तुमचे मूल बसले की साधारण तेवढ्याच उंचीचे असते.